मॉडेल विमानाच्या इंजिनाचा मफलर : आवाज कमी करण्याचा एक पाठ

येरवड्यात राहणाऱ्याला विमानाचा आवाज नवा नाही. लोहगावचा विमानतळ आणि हवाई दलाचा तळ येथून अगदी जवळ असल्यामुळे प्रवासी विमाने आणि लढाऊ विमाने रोजच आपल्या डोक्यावरून जातात. येथील मुलांना विमानाची ओढ लागते तीही बहुधा त्यामुळेच. कार्यशाळेत मॉडेल विमानाचा विषय निघाला की एरवी मागच्या बाकावर बसणारा विद्यार्थीही पुढे येतो, असा आमचा अनुभव आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात ही कला शिकविली जाते, आणि तेथून कित्येकांना तंत्रशिक्षणाची वाट सापडते.

मात्र या विषयाला एक अडचण चिकटलेली आहे. मुठीत मावणारे हे इंजिन मोठ्या मोटारसायकलीपेक्षाही कर्कश ओरडते. विमानतळाच्या परिसरात परवानगीवाचून मॉडेल उडविता येत नाही. ड्रोन नियम, २०२१ मॉडेल विमानांनाही लागू आहेत. म्हणून येरवड्यात हे इंजिन चालवावयाचे ते चाचणीच्या पाटावर, एकाच जागी, भोवती दाट वस्ती असताना. या भागात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, शाळा आहेत, भिंतीला भिंत लागून उभी असलेली घरे आहेत. आपल्या आवाजाचा ज्यांना सर्वांत जास्त त्रास होतो ते बहुधा तक्रार करावयास येतच नाहीत. रुग्ण, रात्रपाळी करून दुपारी झोपलेला कामगार, तान्हे मूल, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी ही ती माणसे होत.

काही जण म्हणतील, डोक्यावरून लढाऊ विमान जाते तेथे या चिमुकल्या इंजिनाचे काय मोठेसे? याला आमचे उत्तर असे की, वरून जाणारे विमान काही सेकंदांत निघून जाते, आपले इंजिन मात्र पुन्हा पुन्हा सुरू होते. शिवाय वरच्या विमानावर आपले काही चालत नाही, आपल्या पाटावरील इंजिनावर चालते. म्हणून आम्ही या वर्गासाठी एक अट मानतो : आवाज मोजून, समजून, कमी करता आला तरच इंजिन चालवावे, नाही तर विजेच्या मोटारीवर समाधान मानावे. ही अट पाळावयाची तर काय काय करावे लागते, ते प्रस्तुत लेखात क्रमाने मांडीत आहोत.

१. आवाज नेमका कोठून येतो?

उदाहरणासाठी आपण मॉडेलवाले ज्याला ‘फोर्टी’ म्हणतात ते इंजिन घेऊ. त्याची क्षमता सुमारे ६.५ घन सेंटिमीटर असते. ते टू-स्ट्रोक असून मिथेनॉल, एरंडेल किंवा कृत्रिम तेल आणि थोडे नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर चालते. मिनिटाला १२,००० फेरे ही त्याची नेहमीची चाल. टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एकदा स्फोट होतो, म्हणजे सेकंदाला २०० वेळा तप्त वायूचा लोट एकदम बाहेर पडतो. त्यामुळे एक्झॉस्टच्या आवाजाचा मूळ सूर २०० हर्ट्झचा असतो. परंतु हा लोट हळूहळू बाहेर न येता फटक्यासारखा येतो, आणि म्हणून मूळ सुराबरोबर ४००, ६००, ८०० असे वरचे सूरही उमटतात. कानाला कर्कश लागतात ते हेच वरचे सूर.

दुसरा उगम पंख्याचा. दोन पात्यांचा पंखा सेकंदाला २०० फेरे घेतो तेव्हा पाती ४०० वेळा हवा कापतात. १० इंची पंख्याच्या पात्याचे टोक या चालीवर सेकंदाला सुमारे १६० मीटर वेगाने फिरत असते, म्हणजे हवेतील ध्वनीच्या वेगाच्या जवळजवळ निम्म्या वेगाने. टोकाचा वेग जसजसा वाढतो तसतसा पंख्याचा आवाज फार झपाट्याने वाढतो.

तिसरा उगम कंपनाचा. इंजिन ज्या फळीवर बसविले असेल ती फळी तबल्याच्या पुडीप्रमाणे थरथरते आणि स्वतःच आवाज करू लागते. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी हवा ओढली जाण्याचा आवाज याच गटात धरू.

मफलरचा संबंध यांपैकी फक्त पहिल्या उगमाशी आहे. हे ध्यानात न घेता नुसता मफलर मोठा करीत गेल्यास श्रम वाया जातात. ते कसे, हे डेसिबलच्या गणितावरून कळेल.

२. डेसिबलचे गणित

डेसिबलची बेरीज साध्या अंकांसारखी होत नाही. ध्वनीची शक्ती दुप्पट झाली की माप ३ डेसिबलने वाढते, दहापट झाली की १० ने. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट आवाजासारखी जाणवते.

समजा, ३ मीटर अंतरावर एक्झॉस्टचा आवाज ९६, पंख्याचा ८८ आणि कंपनाचा ८० डेसिबल आहे. तिन्ही मिळून एकूण आवाज भरतो सुमारे ९६.७. म्हणजे सर्वांत मोठ्या आवाजाने बाकीचे दोन जणू गिळून टाकले. आता मफलर सुधारून एक्झॉस्ट ८६ वर आणला. एकूण आवाज होतो ९०.५, म्हणजे ६ डेसिबलहून अधिक लाभ झाला. या यशाने हुरूप येऊन आणखी एक मफलर जोडला आणि एक्झॉस्ट ७६ वर नेला, तर एकूण आवाज होतो ८८.९. यावेळी श्रम तेवढेच, पण लाभ दीड डेसिबलच्या आसपास. कारण आता पंखा हाच मोठा आवाज झाला आहे. त्याऐवजी एक्झॉस्ट ८६ वरच ठेवून पंख्याचा आवाज ५ डेसिबलने उतरविला, तर एकूण आवाज ८८.४ होतो. दुसऱ्या मफलरपेक्षा पंखा बदलणे अधिक उपयोगी पडले.

म्हणून या पाठाचे पहिले सूत्र असे : जो आवाज आज सर्वांत मोठा आहे त्यालाच आधी हात घालावा, आणि तो उतरला की पुन्हा मोजून पुढचा मोठा कोणता ते पाहावे.

अंतराचे गणित त्यापेक्षा सोपे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ३ मीटरवर ९६.७ असेल तर ४८ मीटरवर सुमारे ७२.७; ३ मीटरवर ८८.४ असेल तर ४८ मीटरवर सुमारे ६४.४. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे. शांतता क्षेत्रासाठी ती अनुक्रमे ५० आणि ४० आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्या भोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. या मर्यादा काही काळाच्या सरासरीवर मोजल्या जातात हे खरे. पण वरील आकडे पाहिले म्हणजे मफलरने एकट्याने काम भागणार नाही आणि इंजिन किती वेळ चालवावे हाही प्रश्न महत्त्वाचा आहे, हे वाचकांच्या लक्षात येईल.

३. मफलर काम कसे करतो?

मफलर आवाज शोषून घेतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. मॉडेलच्या मफलरात बहुतेक काम शोषण्याने नव्हे, तर परतविण्याने होते. अरुंद नळीतून आलेली ध्वनिलहर एकदम रुंद कोठीत शिरली की तिचा काही भाग उलट फिरतो. कोठीतून पुन्हा अरुंद नळीत जाताना आणखी काही भाग उलट फिरतो. या आपटाआपटीत बाहेर पडणारी लहर क्षीण होते. नळी आणि कोठी यांच्या छेदांच्या क्षेत्रफळांत जेवढा फरक अधिक, तेवढा परिणाम अधिक. नळी ८ मिलिमीटर व्यासाची आणि कोठी २४ मिलिमीटरची असेल तर व्यास तिप्पट आणि क्षेत्रफळ नऊपट होते.

दुसरी बाब कोठीच्या लांबीची. कोठीतील वायू समजा ३०० अंश सेल्सिअसवर आहे. त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर असतो. ८ सेंटिमीटर लांबीची ही कोठी १००० हर्ट्झचा सूर गणिताने सुमारे १२ डेसिबलने उतरविते. पण २०० हर्ट्झचा मूळ सूर जेमतेम ३ डेसिबलने. कारण त्या सुराची लहर २.४ मीटर लांब असते. तिच्यापुढे ८ सेंटिमीटर म्हणजे काहीच नव्हे. लांबी १६ सेंटिमीटर केली तर मूळ सूर सुमारे ६ डेसिबलने उतरतो. प्रत्यक्ष इंजिनात लोट जोराचा आणि गरम असल्यामुळे हे आकडे तंतोतंत मिळत नाहीत. पण दिशा बरोबर दाखवितात.

सुदैवाने आपला कानही येथे मदत करतो. २०० हर्ट्झचा सूर कानाला १००० हर्ट्झच्या सुरापेक्षा बराच मंद लागतो. ध्वनिमापकाच्या ‘ए’ मापात तो सुमारे ११ डेसिबलने कमी धरतात. म्हणून लहान मफलरही इंजिनाची किंचाळी घालवून त्याचे गुरगुरणे करू शकतो.

मात्र लांब कोठीला एक भोक राहते. १६ सेंटिमीटरच्या कोठीत १५०० हर्ट्झच्या सुराची बरोबर अर्धी लहर बसते, आणि तो सूर अडथळ्यावाचून पार होतो. म्हणून एक लांब कोठी करण्यापेक्षा तिचे दोन असमान भाग करणे चांगले, उदाहरणार्थ १० आणि ६ सेंटिमीटरचे. एका भागातून जो सूर निसटतो तो दुसऱ्या भागात अडतो.

४. करावयाचे बदल, क्रमाने

पहिला बदल गळती बंद करण्याचा. इंजिन आणि मफलर यांच्या सांध्यातून तेलाचे काळे ओघळ दिसत असतील तर तेथून आवाजही निसटतो आहे. दोन्ही पृष्ठे सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासावीत, पातळ गॅस्केट किंवा उष्णता सोसणारे सिलिकॉन लावावे आणि बोल्ट सारख्या ताणाने आवळावेत. एक चाचणी झाली की ते पुन्हा तपासावेत.

दुसरा बदल आतील रचनेचा. बाजारात मिळणारा मफलर बहुधा तुकड्यांचा असून मधल्या लांब स्क्रूने आवळलेला असतो. तो उघडून मध्ये ॲल्युमिनियमची चकती बसविता येते. चकतीतून ८ मिलिमीटरची आखूड नळी आरपार घालावी म्हणजे कोठीचे दोन भाग होतात. नळीऐवजी छिद्रे पाडावयाची असतील तर छिद्रांचे एकूण क्षेत्रफळ बाहेरच्या नळीच्या किमान दुप्पट असावे. ८ मिलिमीटर व्यासाच्या नळीचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मिलिमीटर. त्याच्या दुप्पट १००. ३ मिलिमीटरच्या एका छिद्राचे सुमारे ७. म्हणजे १५ छिद्रे हवीत. हे गणित विद्यार्थ्याने ड्रिल हातात घेण्यापूर्वी वहीत करावे.

तिसरा बदल जोड-मफलरचा. मूळ मफलरच्या तोंडाला सिलिकॉनची जाड नळी लावून पुढे दुसरी हलकी कोठी जोडता येते. सिलिकॉनची नळी उष्णता सोसते आणि इंजिनाची थरथर पुढच्या कोठीत जाऊ देत नाही. पाटावर वजनाची चिंता नसते. विमानावर मात्र असते. बाजूला किंवा पुढे वाढविलेले वजन विमानाचा तोल बदलते, म्हणून उड्डाणापूर्वी गुरुत्वमध्य पुन्हा तपासणे आवश्यक आहे.

चौथा बदल पंख्याचा. १० बाय ६ च्या पंख्याऐवजी ११ बाय ६ चा पंखा लावला की इंजिनावर भार वाढतो आणि फेरे कमी होतात. ते १०,००० वर आले तर पात्याच्या टोकाचा वेग १६० वरून सुमारे १४६ मीटरवर उतरतो. एक्झॉस्टचा मूळ सूरही २०० वरून १६७ हर्ट्झच्या आसपास येतो. इंजिनाच्या माहितीपत्रकात जेवढा मोठा पंखा चालतो असे लिहिले असेल त्यापलीकडे जाऊ नये.

पाचवा बदल पाटाचा. इंजिन थेट पातळ प्लायवूडवर न बसविता जड लाकडी ठोकळ्यावर बसवावे आणि ठोकळ्याखाली रबराचे तुकडे द्यावेत. ठोकळा टेबलाला पक्का बांधलेला असलाच पाहिजे. रबर द्यावयाचे म्हणून बांधणी ढिली ठेवू नये.

५. किती अडवावे?

बाहेरचे तोंड लहान केले की आवाज निश्चित कमी होतो. पण वायू आत कोंडतो. जळालेला वायू पूर्ण बाहेर पडला नाही की ताज्या मिश्रणाला जागा उरत नाही, इंजिन तापते आणि शक्ती गमावते. म्हणून दर बदलानंतर फेरेही मोजावेत. पंखा तोच असताना फेरे थोडेसे उतरले तर चालेल; एकदम घसरले, किंवा इंजिन गरम होऊन आपोआप मंदावू लागले, तर तो बदल मागे घ्यावा.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांच्या ध्यानात येत नाही. पुष्कळ मॉडेलांत मफलरला एक बारीक नळी असते आणि तिच्यातून येणारा दाब इंधनाच्या टाकीला दिला जातो. मफलर बदलला की हा दाब बदलतो, आणि त्याबरोबर इंधनाचे प्रमाणही. म्हणून नव्या मफलरने पहिल्यांदा इंजिन चालविताना सुईचा स्क्रू अर्धा फेरा अधिक उघडावा, म्हणजे मिश्रणात इंधन जास्त राहील. आणि मग हळूहळू बंद करीत योग्य जागी आणावा. इंधन कमी पडून चाललेले इंजिन तेलावाचून चालल्यासारखेच असते, कारण याचे वंगण इंधनातूनच येते.

६. काय करू नये

कोठीत काचेचा किंवा लोखंडी तारांचा लोकर-बोळा भरू नये. तो तेलाने भिजून घट्ट होतो, वाट अडवितो आणि त्याचे तुकडे सुटतात. साधा डाग देऊन जोड करू नये. कथील-शिशाचा डाग सुमारे १८३ अंशांवरच वितळू लागतो. प्लॅस्टिकच्या बाटल्या, डबे जोडण्याचा मोह टाळावा.

सुरक्षिततेबाबत तडजोड नाही. फिरत्या पंख्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. सुई फिरवावयाची ती मागच्या बाजूने. कोणताही स्क्रू आवळण्यापूर्वी इंजिन बंद करावे. मिथेनॉल विषारी आहे, आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. म्हणून इंधनाची बाटली पाटापासून दूर, झाकण लावलेली असावी आणि अग्निशामक हाताशी असावा. कानात बोळे शिक्षकानेही घालावेत.

७. मोजणीची शिस्त

एका वेळी एकच बदल करावा. पंखा आणि मफलर एकदम बदलले तर कोणामुळे काय झाले हे कधीच कळत नाही. मापक दर वेळी त्याच जागी, त्याच उंचीवर, भिंतींपासून दूर ठेवावा. आधी इंजिन बंद ठेवून परिसराचा आवाज नोंदवावा. इंजिनाचे माप त्याहून किमान १० डेसिबल अधिक असेल तरच ते विश्वसनीय मानावे. डोक्यावरून विमान जात असेल तर थांबावे. मोबाइलवरील मापक खरा आकडा देईलच असे नाही. परंतु तोच मोबाइल त्याच जागी ठेवला तर आधीचे आणि नंतरचे यांतील फरक समजण्यास तो पुरतो.

ब्रिटनमध्ये १९८२ च्या आचारसंहितेने मॉडेल विमानासाठी ७ मीटर अंतरावर ८२ डेसिबल ही मर्यादा सुचविली होती. मोकळ्या माळावर उडविणाऱ्यांसाठी ती होती. येरवड्यासारख्या वस्तीत आम्ही ती वरची सीमा मानतो, पोहोचावयाचे ठिकाण नव्हे.

तांत्रिक उपाय संपले की उरतो वेळेचा उपाय, आणि तो फुकट आहे. चाचणी दोन मिनिटांची असावी. सकाळच्या वंदनेची वेळ, दुपारची विश्रांती आणि परीक्षांचे दिवस वगळावेत. शेजारच्या घरांना दिवस आणि वेळ आधी सांगावी, आणि ‘त्रास झाला तर कळवा’ असे म्हणून ज्याने कळवावयाचे त्यालाच वर्गात बोलावून पाट दाखवावा. हे काम विद्यार्थ्यांनी करावे. मफलर बनविण्याइतकेच ते शिक्षण आहे.

पुण्याच्या रस्त्यांवर आपण उलटे दृश्य पाहतो. बुलेटचा मूळ सायलेन्सर काढून फटाक्यासारखा आवाज करणारा बसविला जातो, पोलिस ते जप्त करतात आणि रोलरखाली चिरडतात. ते बदल करणारे हातही कुशलच असतात. त्यांनाही करवत, कानस आणि वेल्डिंग येते. गॅरेजमध्ये कामाला असलेले आपलेच माजी विद्यार्थी अशी गिऱ्हाइके रोज पाहत असतील. लोखंड कापण्याचे कौशल्य दोन्हीकडे सारखेच आहे. फरक पडतो तो कापण्यापूर्वी विचारलेल्या प्रश्नाने : हा आवाज कोणाच्या कानावर पडणार आहे?

या प्रश्नाला पुण्यात पोटापाण्याचेही मोल आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत वाहनांच्या आवाजाच्या चाचण्या होतात, आणि वाहने बनविणाऱ्या कारखान्यांत आवाज व कंपन यांचे स्वतंत्र विभाग असतात. ज्या मुलाने वहीत तीन उगमांची बेरीज करून पाहिली आहे, त्याला त्या दाराशी गेल्यावर भाषा परकी वाटणार नाही.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती. ज्यांच्याकडे लेथ आहे त्यांनी ॲल्युमिनियम नळीचे उरलेले तुकडे शाळेकडे पाठवावेत. ज्यांच्याकडे प्रमाणित ध्वनिमापक आहे त्यांनी तो वर्षातून एक दिवस आणावा, म्हणजे आमचा मोबाइल त्याच्याशी ताडून पाहता येईल. आणि जे शाळेच्या शेजारीच राहतात त्यांनी चाचणीच्या दिवशी खिडकीतून ऐकून आवाज पूर्वीपेक्षा कमी झाला की नाही ते मुलांना सांगावे. मुलांच्या वहीत डेसिबलच्या रकान्याशेजारी शेजाऱ्यांच्या मतासाठी एक रकाना आम्ही राखून ठेवला आहे.